आधी सिंक, मग ग्रॅनाइट

नवा ओटा करायचे ठरले की घरोघरी पहिली चर्चा रंगाची होते. काळा घ्यायचा, लालसर घ्यायचा, की पांढऱ्यावर बारीक ठिपक्यांचा? आमच्या लातूरच्या घरातही तेच झाले. जुना कडप्प्याचा ओटा जागोजागी खरबरीत झाला होता. कडप्पा हा चुनखडीचाच दगड. लिंबू, चिंच, दही यांचा आंबटपणा त्याला वर्षानुवर्षे हळूहळू खात राहतो. तो काढून ग्रॅनाइट बसवायचा एवढे ठरले आणि घरातल्या प्रत्येकाचे स्वतःचे मत तयार झाले. त्यातच घरात मुलीची मंगनी तोंडावर आलेली. पाहुणे येणार, त्यातल्या बायका हमखास स्वयंपाकघरात डोकावणार, म्हणजे ओटा कसा हवा, तर नजरेत भरणारा हवा.

दुकाने पाहून झाली. काळ्या पाटीवर सोनेरी-चंदेरी कण चमकणारा ‘ब्लॅक गॅलेक्सी’ आंध्रातल्या ओंगोलजवळच्या चीमाकुर्तीच्या खाणींतला. तपकिरी छटेचा ‘टॅन ब्राउन’ तेलंगणातल्या करीमनगरकडचा, म्हणजे तसा आमच्या शेजारचाच. तासन्‌तास पाट्या पाहिल्या, पाणी टाकून रंग पाहिला, फोटो काढून नातेवाइकांना पाठवले. सिंकबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढत नव्हते. ते काय, दुकानदार देईल ते बसवायचे.

अम्मी एवढ्या सगळ्या चर्चेत एकच प्रश्न विचारून गप्प बसल्या. “भांडी घासायचं ते किती खोल राहणार?”

ओट्यावर भाजी चिरायला, पोळ्या लाटायला आपण थोडा थोडा वेळ उभे राहतो. सिंकपुढे मात्र सकाळी, दुपारी, रात्री, आणि रमजानमध्ये इफ्तारनंतर व सेहरीनंतरही उभे राहावे लागते. ओट्याचा रंग पाहुणे पाहतात. सिंकची खोली कुणाच्या तरी कंबरेला रोज सोसावी लागते. म्हणून आम्ही रंगाची चर्चा काही दिवस बाजूला ठेवली आणि आधी सिंकचा विचार केला. त्यात जे कळले ते वाचकांपुढे ठेवतो आहोत, कारण दगड एकदा कापला की मग विचार करून काही उपयोग नसतो.

पहिली गोष्ट हीच की, सिंक आधी ठरवायचे आणि प्रत्यक्ष घरात आणून ठेवायचे. दगड कापणारा कारागीर त्या सिंकच्या मापाने भोक पाडतो. आधी अंदाजाने भोक पाडले, तर नंतर त्या भोकात मावेल तेच सिंक शोधत फिरावे लागते. ग्रॅनाइट कडक असतो, सुरीने त्यावर चरा उमटत नाही, पण तो लवचीक नाही. भोकाचे कोपरे काटकोनात कापले तर तिथूनच तडा जातो, म्हणून ते थोडे गोल ठेवायला सांगावे. सगळ्यात नाजूक जागा म्हणजे सिंकच्या पुढची दगडाची पट्टी. ती फार अरुंद ठेवली तर उचलतानाच मोडू शकते, फार रुंद ठेवली तर घासणाऱ्या बाईला पुढे वाकावे लागते. आमचा ओटा 24 इंच रुंदीचा, सिंक 18 इंचांचे. उरलेल्या सहा इंचांत तीन पुढे आणि तीन मागे, नळासाठी, असा हिशेब बसला. ओट्याखाली पुढच्या बाजूला पायाची बोटे आत जातील एवढी मोकळी जागाही सोडायला सांगितली. पाय आत गेले की माणूस ओट्याला चिकटून उभा राहू शकतो आणि पाठ तेवढी सरळ राहते.

आता अम्मींचा प्रश्न. बाजारात सध्या दहा इंच खोलीच्या सिंकला मागणी आहे. भांड्यांचा ढीग आत लपतो, पाणी बाहेर उडत नाही, दिसायलाही भारदस्त. पण हिशेब मांडून पाहा. ओट्याची उंची 34 इंच आणि सिंक दहा इंच खोल, म्हणजे तळ जमिनीपासून 24 इंचांवर. अम्मी सरळ उभ्या राहिल्या की त्यांचे मनगट जमिनीपासून 28 इंचांवर येते. तळाशी पडलेला चमचा उचलायचा तर प्रत्येक वेळी कंबरेतून वाकणे आले. आठ इंच खोलीचे सिंक घेतले तर तळ 26 इंचांवर येतो. दोन इंचांचा फरक कागदावर काहीच वाटत नाही. म्हणून आम्ही तो करून पाहिला. स्टुलावर विटा रचून त्यावर प्लास्टिकचा टब ठेवला, एकदा टबाचा तळ 24 इंचांवर आणि एकदा 26 इंचांवर, आणि दोन्ही वेळा दहा-दहा मिनिटे भांडी घासली. अम्मींनी पहिल्या वेळी दोनदा कंबरेवर हात ठेवला, दुसऱ्या वेळी एकदाही नाही. त्यापुढे चर्चेची गरज उरली नाही.

हाच प्रश्न आमच्याकडे भांड्यांना येणाऱ्या मावशींनाही विचारला. त्या चार घरी उभ्या राहतात, त्यामुळे त्यांच्याइतका अनुभव आमच्या कुणाकडेच नव्हता. त्या म्हणाल्या, “खोल असलं की ढीग दिसत नाही म्हणून घरच्यांना बरं वाटतं. काढायचा तर आम्हालाच असतो ना, ताई.” घासणाऱ्याला विचारल्याशिवाय सिंक घेऊ नये, हे त्या एका वाक्यात आले. मजूर आपल्या हाताखालचा असला तरी आपला भाऊ आहे, त्याच्या ताकदीबाहेरचे ओझे त्याच्यावर टाकू नये, आणि टाकलेच तर आपण हात लावावा, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आपण जुम्म्याच्या खुत्ब्यात ऐकतो. ती फक्त पोती उचलणाऱ्या हमालापुरती नाही.

मग आकाराचा प्रश्न. मुलींना दोन कप्प्यांचे सिंक हवे होते, एका कप्प्यात घासायचे, दुसऱ्यात विसळायचे. कल्पना चांगली. पण आमच्या मोठ्या पातेल्याचे तोंड 15 इंचांचे आणि कड्यांसकट ते 18 इंचांवर जाते. ईदची बिर्याणी, मयतीच्या घरी पाठवायचे जेवण, रमजानमधला हलीम, सगळे त्यातच शिजते. दोन कप्प्यांच्या 37 इंची सिंकचा एक कप्पा जेमतेम 16 इंचांचा निघाला. पातेले त्यात बसतच नाही, कलते ठेवून घासावे लागते आणि अर्धे पाणी ओट्यावर. 24 बाय 18 च्या एका कप्प्यात ते कड्यांसकट आडवे नीट बसले. सिंक घ्यायला जाताना घरातले सर्वांत मोठे रोजचे भांडे बरोबर न्यावे. दुकानदार हसला तर हसू द्यावे, पातेले आपल्यालाच घासायचे आहे.

दोन कप्प्यांमागचा पाण्याचा मुद्दा मात्र सोडून देण्यासारखा नव्हता, आणि लातूरकरांनी तर नाहीच नाही. 2016 च्या एप्रिलमध्ये आमच्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आले. मांजरा धरण कोरडे पडले होते. त्या उन्हाळ्यात आम्ही भांडी विसळलेले पाणी फरशीला, फरशीचे पाणी झाडांना, असे दिवस काढले. पाऊस झाला, नळ सुरू झाले, आणि हळूहळू नळ पूर्ण उघडा ठेवून भांडी घासण्याची सवय परत आली. नवे सिंक घेण्याच्या निमित्ताने आम्ही नळाखाली बादली लावून वेळ मोजली. दहा लिटरची बादली सव्वा मिनिटात भरली. म्हणजे मिनिटाला आठ लिटर. पंधरा मिनिटे नळ असाच सुरू राहिला तर 120 लिटर पाणी गेले, तेही फक्त एका वेळच्या भांड्यांना.

प्रेषित मुहम्मद (स.) एक मुद्द पाण्यात वजू करत, असे बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांतल्या हदीसमध्ये आले आहे. मुद्द हे माप आजच्या हिशेबात सुमारे एक लिटर किंवा त्याहूनही कमी भरते. आमचा नळ तेवढे पाणी सात-आठ सेकंदांत सोडतो. हे गणित मुलांपुढे मांडले तेव्हा ती गप्प झाली. पवित्र कुरआनच्या सूरह आराफमध्ये खाण्यापिण्याची मुभा आणि उधळपट्टीची मनाई एकाच आयतीत आहे. इस्राफ म्हटले की आपल्याला लग्नातले वाया गेलेले जेवण आठवते, उघडा नळ आठवत नाही.

उपाय सोपा निघाला. एका कप्प्याचे सिंक, त्यात सहज बसणारे दहा-दहा लिटरचे दोन टब. एकात साबणाचे पाणी, दुसऱ्यात विसळायचे. मधे एकदा पाणी बदलले तरी चाळीस लिटरच्या आत काम होते. अख्खे सिंक भरून घेण्यात शहाणपण नाही, कारण आठ इंची असले तरी ते पूर्ण भरायला 45 लिटरच्या आसपास पाणी लागते. नळाच्या तोंडाला हवा मिसळणारी जाळी, म्हणजे एरेटर, बसवून घेतला. धार तेवढीच जाड दिसते, पाणी मात्र कमी पडते. टबात विसळलेली भांडी पाक होतात का, अशी शंका घरात निघाली. भांड्यांना लागलेले असते ते अन्न, आणि अन्न काही नापाक नसते. कुर्बानीच्या दिवशी रक्त लागलेली भांडी मात्र वेगळी ठेवून वाहत्या पाण्याखालीच धुवावीत.

आता धातू. दुकानात सगळी स्टीलची सिंक सारखीच चकाकतात आणि दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतो, “बघा, चिकटत नाही, म्हणजे अस्सल.” ही परीक्षा अर्धीच आहे. बाजारात मुख्यतः दोन प्रकारचे स्टील मिळते, 304 आणि 202. पहिल्यात सुमारे 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असते. दुसऱ्यात निकेल कमी करून त्याजागी मँगनीज वापरलेले असते, म्हणून ते स्वस्त पडते. लोहचुंबक दोन्हींना सहसा चिकटत नाही. त्यामुळे चुंबकावर न जाता सिंकवर कोरलेला आकडा पाहावा आणि बिलावर तो लिहून घ्यावा. क्षारांच्या पाण्यात 202 वर तांबूस ठिपके लवकर येतात. आमच्याकडे बोअरचे पाणी, कोकणातल्या आपल्या भावांकडे खारी हवा, दोन्हीकडे 304 साठी चार पैसे जास्त देणे परवडते. पत्र्याची जाडी गेजमध्ये सांगतात आणि तिथे आकडा उलटा चालतो: 16 गेज जाड, 20 गेज पातळ. आम्ही 18 गेज घेतले, म्हणजे सुमारे सव्वा मिलिमीटर. खालच्या बाजूला रबराचा थर आहे ना, तेही पाहून घ्यावे. नाहीतर सेहरीच्या वेळी पडलेला एक चमचा अख्खे घर जागे करतो.

मुलीचे मन काळ्या सिंकवर बसले होते. काळ्या ग्रॅनाइटला काळे सिंक, एकच एकसंध पृष्ठभाग. दुकानात त्याला ‘ग्रॅनाइट सिंक’ म्हणतात, पण तो कोरलेला दगड नसतो. क्वार्ट्झचा चुरा रेझिनमध्ये घट्ट बसवून ते साच्यात तयार करतात. वस्तू वाईट नाही. चरे कमी पडतात, आवाज कमी होतो. पण बोअरच्या पाण्याचा थेंब सुकला की पांढरा डाग राहतो, आणि काळ्यावर तो सर्वांत जास्त दिसतो. म्हणजे प्रत्येक वेळी भांडी घासून झाली की सिंकही पुसून कोरडे करायचे. हे काम कोण करणार, असा प्रश्न आला तेव्हा मुलीनेच हसून हात वर केले, “मी तर सासरी असेन.” शिवाय कठीण पृष्ठभागावर काचेची कपबशी निसटली तर ती फुटण्याची भीती जास्त. स्टीलला पोचा पडेल, पण ते थोडे लवते. शेवटी घरात वाटणी झाली. ग्रॅनाइटचा रंग मुलीने ठरवायचा, सिंक अम्मी आणि मावशींनी. मुलीने ‘ब्लॅक गॅलेक्सी’ घेतला. त्यात करड्या स्टीलचे सिंक काही विजोड दिसत नाही, कारण स्टीलला स्वतःचा असा रंग नाही. तो कोणत्याही दगडाशेजारी निमूट बसतो. घासल्यासारखा मंद पोत असलेले घेतले तर चरेही फारसे डोळ्यांत भरत नाहीत.

सिंक दगडाच्या वरून बसवायचे की खालून, हा शेवटचा वाद. खालून बसवले तर कडा दिसत नाही आणि ओट्यावरचे पाणी हाताने सरळ सिंकमध्ये लोटता येते. हल्ली बहुतेक लोक तेच करतात. पण खालून बसवलेल्या सिंकचा भार चिकटवलेल्या जोडावर आणि खालच्या आधारांवर असतो. आमचे पातेले पाण्याने भरले की पंचवीस-तीस किलो होते. आधार पक्के दिले तर तेही चालते, पण दगडाच्या जाडीइतका तळ आणखी खाली जातो, म्हणजे अम्मींसाठी मिळवलेल्या दोन इंचांतून पाऊण इंच परत गेला. शिवाय पुढे कधी बदलायचे तर खालून सगळे मोकळे करावे लागते. वरून बसवलेल्या सिंकचा भार सरळ दगडावर येतो. कडेला पाणी साचते ते पुसावे लागते, एवढाच त्याचा त्रास. आम्ही वरून बसवले आणि कडेची सिलिकॉनची रेघ दर काही महिन्यांनी तपासायची असे ठरवले. त्या रेघेत फट पडली की पाणी दगडाखाली मुरते. ग्रॅनाइट वरून गुळगुळीत असला तरी थोडे पाणी शोषतो, म्हणून कापलेल्या कडांनाही सीलर लावून घ्यावा.

सिंकच्या खाली काय होते तेही पाहायला हवे. बकरी ईदला मांस धुतलेल्या पाण्याबरोबर चरबी जाते. गरम पाणी ओतले की ती वितळून पुढे जाते आणि पुढे थंड पाइपात जाऊन थिजते, म्हणजे अडचण फक्त लांबवर ढकलली जाते. चरबी कागदाने पुसून कचऱ्यात टाकावी. मांस नळाखाली थेट सिंकमध्ये न धुता पातेल्यात धुवावे, आणि त्यानंतर सिंक साबणाने स्वच्छ करूनच त्यात कोथिंबीर-काकडी न्यावी. संडास साफ करायचे ॲसिड स्टीलच्या सिंकमध्ये कधीही ओतू नये, त्याने कायमचे डाग पडतात. भोकावरची जाळी बारीक आणि हाताने उचलता येईल अशी घ्यावी. भाताची शिते गटारात गेलेली पाहून आपल्या घरातली वडीलधारी माणसे अस्वस्थ होतात, आणि ते बरोबरच आहे. तो रिज्क आहे. ताट पुसून खाण्याची सुन्नत पाळली तर जाळीत फारसे काही येतच नाही.

पैशांबद्दल एवढेच की, एकूण खर्चात सिंकचा वाटा लहान असतो. ग्रॅनाइटचे पैसे चौरस फुटावर वाढत जातात, सिंकचे एकदाच द्यायचे. दुकानात हप्त्यांची सोय होती, पण व्याजाच्या वाटेला जायचे नाही म्हणून आम्ही भिशीचे पैसे हाती येईपर्यंत थांबलो. ओट्याची कड साधी ठेवली, गोलाईचे नक्षीकाम वगळले. त्यात वाचले ते चांगल्या स्टीलला गेले.

आणि सिंक घरातल्या कुणाच्या मापाचे हवे, याचे उत्तर फक्त बायकांच्या उंचीत शोधू नये. प्रेषित (स.) घरात काय करत असत, असे हजरत आयशा (रजि.) यांना विचारले गेले, तेव्हा ते घरच्यांच्या कामात असत आणि अजानची वेळ झाली की नमाजसाठी जात, असे त्यांनी सांगितल्याचे बुखारीत आहे. आमच्याकडे आता रात्रीची भांडी मुले आणि त्यांचे अब्बा आळीपाळीने घासतात. त्यांना आठ इंची सिंक थोडे उथळ वाटते, पाणी शर्टावर उडते. त्यावर उपाय म्हणून अम्मींनी त्यांना एक एप्रन शिवून दिला आहे.

ओटा बदलायचा विचार असेल तर रंग पाहायला निघण्याआधी घरात जो सर्वांत जास्त वेळ भांडी घासतो त्याला उभे करून त्याच्या मनगटाची उंची मोजा, सर्वांत मोठे पातेले मोजा, आणि नळाखाली बादली लावून वेळ मोजा. या तीन आकड्यांवर सिंक ठरेल. मग त्या सिंकभोवती ग्रॅनाइट कुठल्याही रंगाचा घ्या, तो शोभूनच दिसेल.